पाण्यात उतरायचं कुणी?

आमच्या बैठकीला एक बाई नियमित येतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. वीस वर्षं त्यांनी लूमच्या कारखान्यात कांड्या भरल्या. गेल्या वर्षभरापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. स्वतःची वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, पोलक्याची बाही चढवताना डोळ्यांत पाणी येतं. शुगर आहेच. शुगर असलेल्या बायकांचे खांदे असे आखडतात हे डॉक्टरांना माहीत असतं, पण या बाईंना ते कुणी सांगितलं नव्हतं. दोन ठिकाणी वेदनाशामक गोळ्या मिळाल्या आणि "या वयात व्हायचंच" हे वाक्यही मिळालं. तिसऱ्या ठिकाणचे डॉक्टर जरा बरे होते. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाले, "पाण्यात व्यायाम करा. फोमचे हलके डंबेल मिळतात, ते घेऊन छातीइतक्या पाण्यात उभं राहून हात हलवायचे. एखाद्या स्विमिंग पूलमध्ये नाव घाला."

हे त्यांनी बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. त्याही हसल्या. एक जण म्हणाली, "आमच्या नळाला हंडा बुडेल इतकं येत नाही आणि हिला छातीएवढं पाहिजे!"

मीही हसले. पण घरी आल्यावर वाटलं, आपण नक्की कशाला हसलो? डॉक्टरांचा सल्ला खोटा नव्हता. तो या बाईला लागूच पडत नाही असं आपण सगळ्यांनी एका क्षणात ठरवून टाकलं होतं. बाईंनी स्वतःही. म्हणून हा लेख.

आधी पाण्यात असं काय आहे ते बघू, कारण "पाण्यातला व्यायाम" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्लबमधल्या बायका येतात आणि विषय तिथंच संपतो. बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली की तिच्या पायांवर तिचं साधारण निम्मंच वजन येतं. छातीइतक्या पाण्यात एक तृतीयांशाच्या आसपास आणि गळ्यापर्यंत गेली तर जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे साठ किलोच्या बाईचे गुडघे छातीभर पाण्यात वीसेक किलो तोलतात. जमिनीवर ज्या गुडघ्यांना चार पावलं जड जातात, तेच गुडघे पाण्यात पुढे-मागे, आडवे, कसेही चालतात. पडायची भीती कमी असते, कारण पाणी सगळीकडून धरतं. पाण्याच्या दाबानं पायांवरची सूजही थोडी ओसरते. बारा बारा तास उभं राहून काम करणाऱ्या बाईला हे शेवटचं वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

आता फोमचे डंबेल. लोखंडी डंबेल उचलायला जड, खाली आणायला सोपा. पाण्यात बरोबर उलटं होतं. फोम हलका असल्यामुळे तो वर यायला बघतो, त्याला खाली दाबताना जोर लागतो आणि वर येताना तो सटकू नये म्हणून हळूहळू सोडताना पुन्हा स्नायूंचं काम होतं. शिवाय पाणी स्वतः अडवतं ते वेगळं. हात जितका जोरात हलवाल तितका अडथळा जास्त. वेग दुप्पट केला तर अडथळा साधारण चौपट होतो. दुखलं की वेग कमी करायचा, लगेच भार कमी होतो. कारखान्यात वेग यंत्र ठरवतं, घरात भोंगा आणि नळाची वेळ ठरवते. इथं तो बाईच्या हातात असतो. मला हा भाग विशेष आवडला.

आणि हे डंबेल विकतच घ्यायला हवेत असं नाही. झाकण घट्ट लावलेली एक लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली पाण्याखाली पूर्ण दाबली तर जवळजवळ एक किलोचा जोर लावून वर येते. अर्ध्या लिटरची अर्ध्या किलोचा. लिटरची बाटली निम्मी पाण्यानं भरली तर तीही अर्ध्या किलोवर येते. म्हणजे एकाच बाटलीत पाणी कमी-जास्त करून भार ठरवता येतो. कोकणात, देशावर पोरं पांगाऱ्याचं हलकं लाकूड नाही तर सुका भोपळा, रिकामा डबा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकत आली, तेच हे शास्त्र आहे. पोरं म्हटलं, कारण पोरींना किती घरांतून विहिरीत उतरू दिलं जायचं ते आपल्याला ठाऊक आहे. आमच्या गटातल्या पंचवीस जणींत पोहता येणाऱ्या तीन निघाल्या. तिघी खेड्यातून लग्न होऊन आलेल्या, आणि लग्नानंतर एकदाही पाण्यात न उतरलेल्या.

इथं काही धोकेही सांगायला हवेत, कारण अर्धवट माहितीवर आपल्यातली एखादी उद्या उठून तलावात उतरायची. फोमचे डंबेल काय, बाटल्या काय, हे जीव वाचवायचं साधन नाही. हातातून निसटलं की बाई खाली. पोहता न येणाऱ्या बाईनं पाय तळाला टेकतील इतक्याच पाण्यात, सोबत असताना आणि जीवरक्षक हजर असतानाच हे करायचं. ज्यांची बोटं सुजलेली आहेत त्यांना डंबेल घट्ट धरून ठेवण्याचाच त्रास होतो. त्यांनी मोकळ्या पंज्यानंच पाणी ढकलावं. खांदा आखडलेल्या बाईनं तर आधी काहीही न धरता हात नुसता पाण्यावर सोडून द्यावा. पाणी त्याला आपोआप वर उचलतं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हात न दुखता आडवा होतो. डंबेल नंतर, तोही फिजिओथेरपिस्टनं दाखवल्यावर, कारण चुकीच्या कोनात फोमच खांद्याला वर रेटतो. उघडी जखम, ताप, जुलाब, फिट्स, हृदयाचं दुखणं, ताब्यात नसलेलं ब्लडप्रेशर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचंच नाही. शुगरवाल्या बायकांनी बाहेर आल्यावर तळपाय रोज नीट बघायचे. बधिर पायाला फरशीचा ओरखडा कळत नाही.

यानं सांधे नवे होत नाहीत, हेही बोलून टाकते. औषधोपचारांच्या अभ्यासांचा पडताळा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१६ मध्ये गुडघा आणि खुब्याच्या झिजेवर पाण्यातल्या व्यायामाच्या १३ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ११९० रुग्ण होते आणि त्यांतल्या साधारण तीनचतुर्थांश बायका. निष्कर्ष असा की दुखणं आणि हालचालीतली अडचण थोडी कमी होते, निदान व्यायाम संपल्यावरच्या काळात तरी. थोडी. चमत्कार नाही. हाडं भक्कम व्हायला जमिनीवरचं चालणं, वजन उचलणं लागतंच, ते पाण्यात होत नाही. पण जिला जमिनीवर चालवतच नाही तिला सुरुवात कुठून करायची? त्या "थोडी"ची किंमत रात्री कुशीवर वळता न येणाऱ्या बाईला विचारा.

भिवंडीत अशा बायका किती असतील याचा आकडा माझ्याकडे नाही. पण कोण असतील ते सांगता येतं. लूमच्या खात्यात कांड्या भरणाऱ्या, कापड तपासणाऱ्या. घरी मांडी घालून दिवसभर धागे कापणाऱ्या, टिकल्या चिकटवणाऱ्या. हायवेलगतच्या गोदामांत उभ्यानं पॅकिंग करणाऱ्या, हा आता शहराचा नवा धंदा. तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर पावसाळा संपला की कुटुंबासकट येणाऱ्या कातकरी बायका, त्यांच्या कमरेचं आणि मानेचं तर विचारूच नका. २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीत महाराष्ट्रभर माणसांचे सांधे महिनोन् महिने धरले होते, त्या वेळी आपल्याकडेही कित्येक जणी भिंतीला धरून चालत होत्या. बाळंतपणानंतर अंग बाहेर येतं, खोकलं-शिंकलं की लघवी होते, म्हणून जमिनीवरचा उड्यांचा व्यायाम जमत नाही आणि सांगायचीही लाज वाटते, अशा आणखी वेगळ्या. या सगळ्यांच्या दुखण्याला दवाखान्यात एकच नाव असतं, "बायकांचं दुखणं". लूमवरच्या पुरुषाचं दुखणं निदान कामाचं धरलं जातं. भरपाई त्यालाही मिळत नाही, ते सोडा.

गंमत अशी, की दुखणं पाण्यात घालून शेकायची रीत आपल्याच तालुक्यात जुनी आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. तानसा नदीच्या काठानं गरम पाण्याचे झरे आहेत. देवीनं मारलेल्या राक्षसांचं ते रक्त, अशी गोष्ट सांगतात. वज्रेश्वरीचं देऊळ १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला बांधलं, पण कुंडावर येणाऱ्या बायकांचा नवस बहुतेक गुडघ्याचाच असतो. माझी आजी वर्षातून एकदा जायची आणि पंधरा दिवस त्यावर जगायची. ऊन पाण्यानं स्नायू सैल पडतात, कळ कमी होते, हे खोटं नाही. व्यायामासाठी बांधलेल्या उपचाराच्या हौदातलं पाणीही तेहेतीस-चौतीस अंशांपर्यंत, म्हणजे अंगापेक्षा किंचित थंड ठेवतात. कुंडांचं पाणी त्याहून पुष्कळ गरम, काहींत तर पाय टाकवत नाही. त्यात बसता येतं, व्यायाम करता येत नाही. ब्लडप्रेशरवाल्या बाईला त्यात चक्करही येते. आणि बसायला तरी नीट कुठे मिळतं? ओल्या लुगड्यानं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेखाली, घाईघाईनं. कपडे बदलायला आडोसा म्हणजे बरोबर आलेल्या दोघींनी धरलेला टॉवेल. देवाच्या नावावर बाईला पाण्यात उतरायची मुभा मिळते. तिच्या खांद्याच्या नावावर मिळत नाही.

सार्वजनिक पाण्यात कुणी उतरायचं हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं गेली, ती तहान लागली म्हणून गेली नव्हती. तळं नगरपालिकेचं होतं, ठराव झालेला होता, तरी पाण्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला. आपल्या बायकांच्या पोहण्याच्या प्रश्नाला मी त्या लढ्याच्या रांगेत बसवत नाही, तेवढा आगाऊपणा करणार नाही. पण ठराव असणं आणि पाण्यात पाय पडणं यांत किती अंतर असतं ते महाडनंच आपल्याला शिकवलं. परदेशातही हेच. अमेरिकेत पोलिओ झालेले रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते, त्यांनी १९२६ मध्ये जॉर्जियातलं वॉर्म स्प्रिंग्ज हे ऊन झऱ्यांचं ठिकाण विकत घेतलं. पाण्यातल्या व्यायामाला जगात नाव मिळालं ते तिथून. पण काळ्या मुलांना तिथं उपचार नव्हते. त्यांच्यासाठी टस्कीगीला वेगळं केंद्र निघायला १९४१ साल उजाडलं. उलट लंडनमध्ये १९४९ च्या सुमारास जेम्स मॅकमिलन या गृहस्थानं हॅलिविक नावाच्या अपंग मुलींच्या शाळेत मुलींना पाण्यात शिकवायला सुरुवात केली. आज जगभर अपंगांना पाण्यात शिकवण्याची जी पद्धत चालते तिला त्या मुलींच्या शाळेचंच नाव आहे. पाण्यात आधी मुली उतरल्या, म्हणून पद्धत निघाली.

आता आपल्याकडचा पूल. मी आसपासच्या शहरांतल्या तीन-चार पूलवर चौकशी केली. नावं देत नाही, कारण सगळीकडे सारखंच. बायकांसाठी वेगळी वेळ आहे का? आहे, दुपारी, किंवा सकाळी अशा वेळी की त्या वेळी कामाला जाणारी बाई घरातून निघूच शकत नाही. पोशाख? नायलॉनचा स्विमिंग कॉस्च्युमच हवा. पंजाबी ड्रेस, लेगिंग चालत नाही. सुती कपड्याचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात हे कारण खरं आहे, मला पटलं. पण अंगभर नायलॉनचा, मनगटापासून घोट्यापर्यंतचा पोशाखही मिळतो, तो चालेल का विचारलं तर एका ठिकाणी "बघू" आणि एका ठिकाणी हसू. भिवंडीसारख्या गावात हा प्रश्न हसण्यावारी नेऊन चालणार नाही. आमच्या गटातल्या निम्म्या जणी बुरखा घालणाऱ्या आहेत, आणि साडीवाल्याही उघड्या पायांनी उतरणार नाहीतच. फ्रान्समध्ये ग्रेनोबल शहराच्या नगरपालिकेनं मे २०२२ मध्ये असा अंगभर पोशाख चालेल असं ठरवलं, तर पुढच्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ते अडवलं. तिथं राज्य म्हणतं झाकू नको, इथं घर म्हणतं उघडू नको. दोन्हीकडे बाई काठावरच. बुरखा असावा की नसावा यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते राहू देत. पण दुखणाऱ्या गुडघ्याला आधी मतभेद मिटवायला लावू नये, एवढं तरी मान्य व्हावं.

जीवरक्षक बाई? नाही. प्रशिक्षक बाई? "मॅडम होत्या, गेल्या." पाण्यात उतरायला पायऱ्या? उभी लोखंडी शिडी. ज्या बाईला गुडघ्यासाठी पाण्यात जायचं आहे तिनं उभी शिडी कशी उतरायची, हे पूल बांधताना कुणाच्या मनात आलं नाही. उतार आणि कठडा केला असता तर म्हातारी माणसं, अपंग माणसं, गरोदर बायका सगळ्यांचीच सोय झाली असती. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा करा म्हणतो. पूलही इमारतीच्या आवारातच असतो.

आणि "त्या दिवसांत" यायचं नाही ही पाटी. पाटी नसली तर तोंडी. पाण्यात गेल्यानं पाळीच्या बाईला काही होत नाही. कप किंवा टॅम्पॉन वापरला तर पाण्यालाही काही होत नाही. ज्यांना ते वापरायचं नाही त्या चार दिवस नाही येणार, पण ते त्या ठरवतील.

आपल्याच चळवळीतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं मला विचारलं, "प्यायला पाणी नाही तिथं तू पोहायचा तलाव मागतेस? लोक काय म्हणतील?" प्रश्न बोचला. भिवंडी स्वतःच्या पाण्यावर जगत नाही, बरंचसं पाणी बाहेरच्या योजनांवर आणि मुंबईच्या जलवाहिन्यांवर अवलंबून आहे. तानसाचं धरण १८९२ चं. तेव्हापासून याच तालुक्यातून मोठमोठे नळ मुंबईकडे पाणी नेतात आणि नळाच्या कडेच्या वस्तीतली बाई हंडा घेऊन उभी असते. प्यायच्या पाण्याची मागणी पहिली, यात वादच नाही. पण त्या हंड्यानंच तिची मान आणि गुडघे गेले आहेत. पाणी वाहून दमलेल्या बाईनं पाण्यात विसावायचं म्हटलं की ती चैन होते, हे मला मान्य नाही. शिवाय पूलमधलं पाणी रोज सांडायचं नसतं, गाळून पुन्हा वापरतात. आणि मी नवा पूल मागतच नाहीये. असलेल्या पूलमधले आठवड्याचे तीन तास मागते आहे.

मागणी कुणाकडे करायची याचाही शोध घेतला. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात जलतरण तलाव आणि सार्वजनिक स्नानगृहं ही पालिकेनं "करावी तर करावी" अशा ऐच्छिक कामांत येतात. म्हणजे सक्ती नाही, पण आडकाठीही नाही. महिला व बालकल्याण समिती आहे, तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद असते, आणि ती शिवणयंत्रांवर, मेळाव्यांवर, कधी कधी नुसत्या मंडपावर खर्च होते. राज्यातल्या महापालिकांत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्यांतल्या किती जणींचे गुडघे दुखत असतील? त्यांच्याशी या भाषेत बोलायला हवं. फिजिओथेरपीच्या कॉलेजांतल्या मुलींना अनुभवासाठी जागा हवीच असते, त्यांच्या शिक्षिकांशी बोलणं सोपं आहे. बाटल्या आपण आणू. अंगभर नायलॉनचे पोशाख आपल्याच शिवणवर्गात शिवून होतील, भिवंडीत कापडाला तोटा नाही.

आम्ही एक अर्ज तयार केला आहे. संध्याकाळी सात ते आठ, आठवड्यातून तीन दिवस, फक्त बायकांसाठी, जीवरक्षक बाई, अंगभर पोशाखाला परवानगी, उथळ बाजूला कठड्याच्या पायऱ्या, आणि फी रोजंदारीवरच्या बाईला परवडेल अशी. पंचवीसपैकी एकोणीस जणींनी सह्या केल्या. सहा जणींनी घरी विचारून सांगते म्हटलं. त्यांतल्या दोघी दुसऱ्या दिवशी येऊन सही करून गेल्या, चौघी अजून आल्या नाहीत.

खांद्यावाल्या बाईंनी डाव्या हातानं अंगठा उठवला. त्यांना सही येते, पण उजवा हात टेबलापर्यंत आणून पेन धरण्याइतका त्या दिवशी उचलत नव्हता.